मला पण बाईंची

तिसरीच्या बाईंनी मुलांनी केलेला पहिला व्हिडिओ सुरू केला आणि पहिल्याच वाक्याला त्यांचे हातपाय गार पडले.

टॅबच्या काचेवर 'रेडिओ' उभा होता. हे नाव त्याला वर्गाने दिलेलं, कारण तो एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण कोणाला सापडत नसे. कॅमेरा धरणाऱ्याने त्याचं कपाळ कापून टाकलं होतं आणि भिंतीवरचं घड्याळ मात्र अख्खं घेतलं होतं. रेडिओने घसा साफ केला, हात मागे बांधले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "मला बाईंची भीती वाटते."

बाईंनी काचेवर बोट आपटलं. व्हिडिओ थांबला. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं, तरी त्यांनी दाराकडे, खिडकीकडे आणि उगीचच कपाटाखालीही बघून घेतलं. मग दुसऱ्या मुलाचा व्हिडिओ लावला.

विषय होता 'मला कशाची भीती वाटते'. तो काढला होता टॅबवाल्या सरांनी. हे सर वयाने लहान, अंगाने किडकिडीत आणि शाळेत टॅबसोबतच आलेले, त्यामुळे ते त्याच खोक्यातून निघाले असावेत असं जुन्या शिक्षकांचं मत होतं. चौघांत एक टॅब. एकाने तो धरायचा, एकाने बोलायचं, एकाने 'सुरू' म्हणायचं आणि उरलेल्याने गप्प बसायचं, अशी त्यांनी कामं वाटून दिली होती. शेवटच्या कामाला कोणी तयार नव्हतं. मुलं कॅमेऱ्यापुढे मनातलं बोलतात असा सरांचा विश्वास होता, फक्त वर्गाच्या बाईंनी त्या वेळी बाहेर बसायचं. बाई बाहेर बसल्या होत्या. अंधार, कुत्रं, भूत, इंजेक्शन असं काहीबाही मुलं बोलतील आणि आपण कौतुकाने बघू, अशी त्यांची साधी कल्पना होती.

दुसरा मुलगा म्हणाला, "मला आमच्या बाईंची खूप भीती वाटते." बाईंनी तोही थांबवला. तिसऱ्या व्हिडिओत टॅब उलटा धरलेला होता, त्यामुळे मुलगी छताला लटकल्यासारखी दिसत होती, पण भीती सरळच होती, बाईंची. चौथा म्हणाला, "मला पालीची भीती वाटते," आणि बाईंच्या जिवात जीव आला. पालीबद्दल इतकी माया त्यांना पूर्वी कधी वाटली नव्हती. "आणि बाईंची," तो म्हणाला. पाचव्या व्हिडिओत 'मुंगी' होती. ही मुलगी इतकं हळू बोलायची की हजेरीला ती नुसते ओठ हलवायची आणि बाई समजून घ्यायच्या. आज ती स्पष्ट बोलली. कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "मला पण बाईंची."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एकेक व्हिडिओ चांगला मिनिटभराचा होता. पहिल्या वाक्यात एवढं, तर उरलेल्या वेळात काय असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. कोणाला फळ्याकडे तोंड करून उभं केलं, कोणाला 'डोकं आहे का खोकं' म्हटलं, कोणाची चित्रांची वही महिनाभर कपाटात ठेवली, सगळं नावानिशी बाहेर येणार. ते ऐकायची त्यांची छाती झाली नाही. प्रत्येक मुलाचं पहिलं वाक्य ऐकायचं आणि बोट आपटायचं, असं करत त्या शेवटच्या मुलापर्यंत गेल्या. एकमेकांचं बघून लिहायची या वर्गाची खोड मोडण्यासाठी त्यांनी वर्षभर जिवाचं रान केलं होतं. भीतीच्या बाबतीत मात्र सगळ्या वर्गाचं उत्तर एकच आलं होतं.

एरवी बाईंनी हे हसण्यावारी नेलं असतं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला असता. त्यांची चप्पल जिन्यात वाजली की तिसरीचा वर्ग चिडीचूप व्हायचा, आणि काही कारण नसताना शेजारची चौथीसुद्धा. 'मी एकदाच सांगते' हे त्यांचं ब्रीद होतं, आणि दुसऱ्यांदा विचारायला गेलेलं माणूस शाळेत अजून कोणी पाहिलं नव्हतं. पण येत्या वर्षी त्यांना तिसरी नको होती. त्यांना पहिली हवी होती, कारण येत्या वर्षी त्यांचा नातू पहिलीत येणार होता.

या नातवापुढे बाईंचं काही चालत नसे, आणि चालावं अशी त्यांची इच्छाही नव्हती. घरी त्या घोडा व्हायच्या, दुकानदार व्हायच्या, वेळ पडली तर शिकार झालेला सिंह होऊन जमिनीवर पडून राहायच्या. आजी शाळेत जाते म्हणजे मुलांशी खेळायला जाते, अशी त्याची समजूत होती, आणि ती बाईंनी कधी दुरुस्त केली नव्हती. त्याने पहिलं अक्षर गिरवताना त्याचा हात आपल्या हातात असावा, एवढीच त्यांची इच्छा होती. पुढच्या वर्षानंतर त्या निवृत्तच होणार होत्या. म्हणजे हे एक वर्ष हुकलं, तर हुकलंच.

हेडसरांकडे त्यांनी तसा शब्द टाकला होता. हेडसर बाईंशी बोलताना नेहमी त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघायचे. भिंतीकडे बघतच त्यांनी सांगितलं होतं, की बाई, तुमचं शिकवणं सोन्यासारखं आहे, पण पहिलीच्या लेकरांना जरा मऊ माणूस लागतं. शुक्रवारी व्हिडिओंचा कार्यक्रम आहे. तिसरीचे पालक येतील, आणि पहिलीत येणाऱ्या मुलांचेही पालक मुलांना घेऊन येतील. तुमच्या वर्गातली मुलं पडद्यावर मोकळी, हसतखेळत बोलताना दिसली, तर पहिली तुमची. आणि तसं दिसलं नाही तर काय, हे हेडसर बोलले नव्हते. ते भिंतीला कळलं असावं.

म्हणून बाईंनी आता टॅब पुन्हा जवळ ओढला. काचेवर कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं, तेवढं त्यांना ओळखू आलं. त्यावर बोट ठेवलं, तर टॅबनेच उलट काहीतरी प्रश्न विचारला. बाईंना प्रश्न विचारायची सवय होती, उत्तरं द्यायची नव्हती. त्यांनी घाईघाईने भलतीकडेच दाबलं आणि रेडिओ पूर्ण आवाजात सुरू झाला. "मला बाईंची भीती वाटते!" नेमके त्याच क्षणी हेडसर दार उघडून आत आले.

बाईंनी टॅब खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसल्या. खालून रेडिओची गुरगुर चालूच राहिली.

"कसला आवाज येतोय?" हेडसरांनी भिंतीला विचारलं.

"पोट बिघडलंय माझं," बाई म्हणाल्या.

हेडसरांनी तो विषय तिथेच सोडला आणि व्हिडिओ कसे झालेत ते विचारलं. छान झालेत, मुलं मोकळी बोललीत, असं बाईंनी सांगितलं. किती मोकळी, असं त्यांनी विचारल्यावर बाई म्हणाल्या, फारच. मग मी बघू का थोडे, असं म्हणून हेडसर खुर्ची ओढायला लागले, तेव्हा बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. शुक्रवारीच बघा, आधी बघितलं तर गंमत जाईल, असं त्या म्हणाल्या. तीस वर्षांत बाईंच्या तोंडून 'गंमत' हा शब्द हेडसरांनी पहिल्यांदाच ऐकला असावा. ते खुर्ची तशीच सोडून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ठरवलं, व्हिडिओ पुन्हा करायचे. मुलांना 'माझी भीती वाटते असं म्हणू नका' हे तोंडाने सांगणं बरं दिसलं नसतं. म्हणून प्रेमाने घ्यायचं. त्या वर्गात शिरल्या, टेबलाशी उभ्या राहिल्या आणि हसल्या.

वर्गावर एकदम अवकळा पसरली. बाई याआधी हसल्या होत्या तेव्हा अचानक पाढ्यांची परीक्षा निघाली होती. पुढच्या बाकावरच्या मुलाने दप्तर पोटाशी धरलं.

"बाळांनो," बाई म्हणाल्या.

हे ऐकून मागच्या बाकावर कोणीतरी मुसमुसायला लागलं. एकाने पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारलं. बाई लगेच "जा की" म्हणाल्या. आधी का नाही प्यायलास, घरून पिऊन यायला काय झालं होतं, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. तेव्हा वर्गाची खात्रीच पटली की काहीतरी भयंकर घडलेलं आहे आणि ते आपल्यापासून लपवलं जातं आहे. पाणी प्यायला निघालेला मुलगा दारातून परत येऊन जागेवर बसला.

बाईंनी गोड आवाजात सांगितलं की व्हिडिओ आपण पुन्हा करणार आहोत. भीती काय, कशाचीही वाटू शकते. अंधार असतो, उंच जिना असतो, झुरळ असतं.

रेडिओने हात वर केला. "बाई, झुरळाची भीती वाटायला पाहिजे का?"

"वाटायलाच पाहिजे असं नाही," बाई म्हणाल्या. "पण वाटली तर बरं."

तेवढं पुरेसं होतं. वर्गाने उत्तर पाठ केलं. या खेपेला बाई बाहेर गेल्या नाहीत. मुलं काय बोलतात यावर लक्ष ठेवावं म्हणून त्या कॅमेऱ्याच्या डावीकडे, कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. मुलं एकेक करून पुढे आली, राष्ट्रगीताला उभं राहावं तशी ताठ उभी राहिली आणि सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं, "मला झुरळाची भीती वाटते." म्हणताना सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्याच्या डावीकडे. एकाची तर बोबडीच वळली आणि तो 'झुरळाची बाई वाटते' म्हणाला. त्याचा पुन्हा घेतला. एका मुलीने सगळं नीट म्हटलं आणि शेवटी विचारलं, "बरोबर आहे का बाई?" तिच्या मागच्या भिंतीवर एक मोठी सावली पुढे सरकताना दिसत होती. टॅब चालू आहे का बंद, हे बघायला बाई जवळ आल्या होत्या.

बाईंनी ते व्हिडिओ संध्याकाळी घरी नेऊन बघितले आणि त्यांना बरं वाटलं. सगळी मुलं सरळ उभी होती, उच्चार स्वच्छ होते, कोणाचं कपाळ कापलेलं नव्हतं. मुलांचे डोळे कुठे आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आपल्याला बघून घाबरलेली मुलं त्या इतकी वर्षं बघत आल्या होत्या, की मुलांचे चेहरे असेच असतात असं त्यांना वाटायचं.

आता प्रश्न एवढाच होता की शुक्रवारी नेमके हेच व्हिडिओ लागायला पाहिजेत. कार्यक्रमाची फीत जोडायचं काम टॅबवाल्या सरांकडे होतं. बाई त्यांच्या खोलीत गेल्या तेव्हा सर वायरींच्या गुंत्यात बसले होते. बाईंना बघून ते उभे राहिले आणि एक वायर त्यांच्या गळ्यातच राहिली. पहिले व्हिडिओ का नकोत हे सांगायचं, तर त्यात काय आहे तेही सांगावं लागलं असतं. ते बाईंच्याने होईना. त्यांनी मोघम सांगितलं, "मुलांनी दोनदा व्हिडिओ केलेत. त्यातले चांगले तेवढे लावा. मी एकदाच सांगते."

"हो बाई," सर म्हणाले.

चांगले कुठले, हे डोळे असणाऱ्या कोणालाही कळेल, अशी बाईंची खात्री होती. सरांना डोळे होतेच. पण त्यानंतर सरांचं वागणं बदललं. दोनदा ते बाईंच्या वर्गाच्या दाराशी येऊन घुटमळले आणि परत गेले. तिसऱ्यांदा बाईंनी त्यांना हटकलं, तेव्हा ते म्हणाले, "बाई, ते व्हिडिओ..."

"झालं ना काम?"

"झालं."

"मग?"

"काही नाही," असं म्हणून सर निघाले, पण जाताना त्यांनी बाईंकडे विचित्र नजरेने बघितलं. म्हणजे याने पहिले व्हिडिओ बघितलेत. पूर्ण बघितलेत. फळा, खोकं, चित्रांची वही, सगळं याला माहीत झालं. आता हा हेडसरांना सांगणार का? विचारायला जावं तर आपणच सुचवल्यासारखं, न विचारावं तर झोप नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली. त्या आठवड्यात त्या वर्गात कोणाला रागावल्या नाहीत, त्यामुळे मुलंही जेवेनाशी झाली.

शुक्रवारी सकाळी त्यांनी आजारी पडून बघितलं. कपाळाला हात लावला, कपाळ थंडगार. सुनेला म्हणाल्या, मला जरा कसंतरीच होतंय, आज कार्यक्रमाला नाही गेलं तर चालेल. सून म्हणाली, "आई, असं कसं? हा तर उठल्यापासून बूट घालून बसलाय. आजीची शाळा बघायचीय म्हणतो." नातू खरंच दाराशी बूट घालून बसला होता, उलट्या पायात. बाईंनी खाली बसून ते सरळ केले आणि शाळेत निघाल्या.

शाळेच्या मोठ्या खोलीत पडदा लावला होता. पालक दाटीवाटीने बसले होते. पहिलीत येणारी लहान मुलं पुढे सतरंजीवर होती, त्यांतच सुनेच्या मांडीवर नातू होता. तिसरीचा वर्ग भिंतीकडेने उभा होता. बाई शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची बघून बसल्या. हेडसरांनी चार शब्द भिंतीला उद्देशून सांगितले, दिवे बंद झाले, आणि पडद्यावर कपाळ नसलेला रेडिओ आला.

बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. कपाळ नाही म्हणजे पहिला व्हिडिओ. त्यांच्या डोळ्यांपुढे अंधार झाला, आणि खोलीत आधीच अंधार असल्यामुळे ते कोणाला कळलं नाही.

"मला बाईंची भीती वाटते," रेडिओ म्हणाला, भिंतीएवढा होऊन.

एक-दोन माना मागे वळल्या. हेडसरांनी पहिल्यांदाच बाईंकडे सरळ बघितलं. बाई उठून पडद्याकडे धावल्याही असत्या, पण मधे पालकांची दाटी होती. इथे बोट आपटून थांबवायची सोय नव्हती. रेडिओ पुढे बोलायला लागला.

"बाई आल्या की मी गप्प बसतो. घरी पण मी एकदा गप्प बसून बघितलं, पण घरी बाई नाहीत त्यामुळे जमत नाही. शाळेच्या फाटकापाशी एक काळं कुत्रं असतं. ते सगळ्यांवर भुंकतं. हेडसरांवर पण भुंकतं. फक्त बाई आल्या की ते उठतं आणि बाजूला होतं. म्हणून आम्ही सगळे सकाळी रस्त्याच्या पलीकडे थांबतो, आणि बाई आल्या की त्यांच्या मागे मागे आत येतो."

कोणीतरी फसकन हसलं. मग उलटी लटकलेली मुलगी आली. रात्री अंधाराची भीती वाटली की ती डोळे मिटून बाई आल्या असं समजते, मग अंधारही गप्प बसतो, असं तिने सांगितलं. पालवाल्या मुलाचं म्हणणं असं होतं की पाल चौथीच्या वर्गात येते, पाचवीच्या वर्गात येते, पण तिसरीत यायची तिची हिंमत नाही. आता लोक उघड हसत होते. चौथीच्या बाई सगळ्यांत जास्त हसत होत्या, कारण पालीचं खरं होतं.

मग मुंगी आली. "मला पण बाईंची," ती म्हणाली, आणि खोली तिचं ऐकायला आपोआप शांत झाली. "मोठ्या वर्गातला एक मुलगा माझा डबा घ्यायचा. मी त्याला म्हटलं, मी बाईंना सांगेन. खरं तर मी नसतं सांगितलं, मला बाईंची भीती वाटते. पण त्याला ते माहीत नाही. आता तो मला त्याचाच डबा देतो."

हसता हसता मुंगीची आई रडायला लागली. डब्याचं तिला आजच कळत होतं. बाई आपल्या खुर्चीत तशाच बसून होत्या. मुलांचं दुसरं वाक्य त्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांना हसायचं होतं, रडायचंही होतं, आणि या दोन्हींपैकी कशाचीच सवय नसल्यामुळे त्यांना नुसती उचकी लागली.

फितीच्या शेवटी टॅबवाल्या सरांनी झुरळवालाही एक व्हिडिओ ठेवला होता. आपली निवड चुकली असेल तर निदान एक तरी असावा, म्हणून बिचाऱ्याने दोन दगडांवर पाय ठेवला होता. ताठ उभी मुलगी, कॅमेऱ्याच्या डावीकडे डोळे, "मला झुरळाची भीती वाटते", मागे भिंतीवर सरकणारी मोठी सावली, आणि "बरोबर आहे का बाई?" यावर जो हशा झाला, त्यात भिंतीशी उभा असलेला तिसरीचा वर्गही सामील झाला. मग मुलांच्या लक्षात आलं की बाई इथेच बसल्या आहेत, आणि वर्ग चिडीचूप झाला.

दिवे लागले. पहिलीत येणाऱ्या एका मुलीचे वडील उभे राहिले आणि म्हणाले की आमच्या मुलीला याच बाई द्या, आमच्या गल्लीत तर चार कुत्री आहेत. दोघी-तिघी आयांनी त्यांना दुजोरा दिला. टॅबवाले सर लांबूनच बाईंचा चेहरा बघत होते. बाईंनी त्यांना जवळ बोलावलं तेव्हा त्यांच्या पाचावर धारण बसली. "चांगले निवडलेत," बाई म्हणाल्या. सरांना ते पुन्हा ऐकायला आवडलं असतं, पण विचारायचं धाडस झालं नाही. हेडसर आले आणि बाईंकडे सरळ बघत म्हणाले, "बाई, पहिली तुमची. मला काही विचारायचंच राहिलं नाही आता."

बाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्या गर्दीतून वाट काढत सतरंजीपाशी गेल्या. सून उभी होती. नातू दिसेना.

"सोन्या," बाईंनी हाक मारली. "ऐकलंस का? पहिली आपल्याला मिळाली. तू आणि मी एकाच वर्गात."

नातू आईच्या मागे होता. त्याने आईचे कपडे दोन्ही मुठींत धरले होते आणि एका बाजूने अर्धं तोंड बाहेर काढून तो बाईंकडे बघत होता. तसं बघणारी तोंडं बाईंनी तीस वर्षं बघितली होती. हे तोंड त्यांत कधी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"आई, तो मघापासून असंच करतोय," सून खालच्या आवाजात म्हणाली. "बाई कोण म्हणून त्याने विचारलं, आणि मी तुमच्याकडे बोट दाखवलं."

"मला दुसऱ्या बाई पाहिजेत," नातू म्हणाला.

बाईंच्या काळजाचं पाणी पाणी झालं. आजूबाजूला लोक अभिनंदन करत होते, कोणी हात हातात घेत होतं, आणि बाईंना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. आठवडाभर त्या पालकांना घाबरल्या, हेडसरांना घाबरल्या, एका किडकिडीत मास्तरला घाबरल्या. ज्याला घाबरायला पाहिजे होतं तो दाराशी बूट घालून बसला होता. त्यांना वाटलं, हेडसरांना आत्ताच सांगावं, नको मला पहिली, द्या दुसऱ्या कोणाला. मग त्या सतरंजीवर खाली बसल्या. गुडघे कुरकुरले. तिसरीच्या वर्गाने बाईंना जमिनीवर बसलेलं पहिल्यांदा बघितलं आणि श्वास रोखून धरला.

"सोन्या, तुला आजीची भीती वाटते का?"

नातवाने मान हलवली. नाही.

"बाईंची?"

त्याने पुन्हा मान हलवली. हो.

"मग आपण असं करू," बाई म्हणाल्या. "वर्गात बाई तुला काही बोलल्या, तर घरी येऊन मला सांगायचं. मग मी बघते त्यांच्याकडे."

नातू आईच्या मागून हळूहळू बाहेर आला. त्याने आजीला नीट निरखून बघितलं. घोडा होणारी, मेलेला सिंह होणारी ही आजी त्या बाईंपुढे कितपत टिकेल, याचा तो विचार करत असावा.

"पण तू घाबरत नाहीस का त्यांना?" त्याने विचारलं.

बाईंनी खरं काय ते सांगायचं ठरवलं. "घाबरते रे," त्या म्हणाल्या. "या आठवड्यात तर फारच घाबरले."

नातू आणखी जवळ आला. आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना, हे बघून तो आजीच्या मांडीवर बसला, तिच्या गळ्यात हात टाकला आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"मग मी येतो तुझ्या वर्गात," तो म्हणाला. "तू एकटी नको राहूस त्यांच्याबरोबर."